सात फूट मुरूम

नळीतलं पाणी डुलायचं थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं शौकत मिस्त्रींनी बजावलं होतं. म्हणून मी शाळेतून आणलेल्या लाकडी स्टुलावर हात वर करून उभा होतो आणि नळीचं एक टोक समोर रोवलेल्या बांबूला टेकवून धरलं होतं. दुसरं टोक वर, बारा नंबरच्या प्लॉटमध्ये, घार्गे सरांच्या हातात होतं. त्यांना ते जमिनीला लावायचं होतं, म्हणून ते उकिडवे बसले होते. दिवाळीची सुट्टी होती, ऊन चढलं होतं, आणि माध्यमिक शाळेचे दोन शिक्षक वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे निमूट होते.

मिस्त्रींनी बांबूवर पेन्सिलनं रेघ मारली, मला खाली उतरवलं, टेप लावली आणि म्हणाले, "सात फूट."

"म्हणजे काय समजायचं?"

"घार्गे सरांची जागा तुमच्यापेक्षा सात फूट वर हाय. रस्त्याची पातळी बरोबर मधी. तुम्हाला रस्त्याच्या पातळीला यायला साडेतीन फूट भरायचं, त्यांना साडेतीन फूट काढायचं. वरच्यानं मापून दिल्यागत हाय बघा."

घार्गे उतरून खाली आले. विजारीचे गुडघे झटकत त्यांनी मलाही पडलेला प्रश्न विचारला, की हे भरण्या-काढण्याचं तुमच्या दरात धरलंय ना? मिस्त्री हसले. त्यांचा दर जोत्यापासून वरचा होता. जोत्याखाली जे काही निघेल, खडक असो, पाणी असो नाहीतर खड्डा असो, ते मालकाचं. सगळ्या तालुक्यात हीच पद्धत होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. इतकी वर्षं पोरांना शहाणपण शिकवलं, पण घर कधी बांधलं नव्हतं.

"मग मुरमाचा खर्च कुणी करायचा?" मी विचारलं.

"जो आदी काम काढंल त्यानं," मिस्त्री नळी गुंडाळत म्हणाले. "तुम्ही आदी काढलं, तर मुरूम इकत आणावा लागंल. घार्गे सरांनी आदी काढलं, तर त्यांचा मुरूम त्यांना कुटंतरी टाकावाच लागंल. मग ते तुमच्यातच टाकतील. दोघांनी एकदम काढलं तर खर्च अर्धा-अर्धा, आणि सगळं चार दिवसांत उरकंल."

घार्गे माझ्याकडे बघून म्हणाले, "एकदमच काढू या की, सर."

मी म्हणालो, "बघू."

तो 'बघू' मला पुढे फार महागात पडला. पण त्या वेळी मला वाटलं की आपण फार धोरणी आहोत. नुसतं थांबल्यानं ज्याचा भराव फुकट होणार आहे, त्यानं अर्धा खर्च कशाला करायचा?

आमच्या शिक्षकांच्या सोसायटीनं गावाबाहेरच्या टेकाडाच्या उतारावर जमीन घेतली होती आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते. मला अकरा लागला, घार्गेंना बारा. मी चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी रोवायच्या दगडांवर आकडे रंगवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. काळा दगड, त्यावर लाल ऑइल पेंट. घार्गेंच्या बारामधला दोन मी हौसेनं लफ्फेदार काढला होता, त्याची शेपटी थेट दगडाच्या कडेला नेली होती. घार्गे गणिताचे. आकड्याला शेपूट कशाला, असं त्यांनी विचारलं होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर त्यावरून आमची गंमत चालली होती. पंधरा वर्षं आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्ला होता. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला लागे आणि आमच्या घरचं लोणचं त्यांना.

त्या दिवाळीनंतर बाक तोच राहिला, पण बोलणं बदललं. मधल्या सुट्टीत मी विचारायचो, "मग सर, कधी काढताय काम?" ते म्हणायचे, "बघू, पतसंस्थेचं कर्ज मिळू दे. तुमचं कधी?" मी म्हणायचो, "आम्हाला कुठं घाई आहे." मग दोघंही भाकरी मोडायला लागायचो. हा संवाद आम्ही कार्तिक, मार्गशीर्ष असे दोन महिने रोज केला. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण घाई होती, आणि ती आमच्याच घरात होती.

मार्गशीर्षात माझ्या मुलीचं, शैलाचं, लग्न ठरलं. तिचं डी.एड. व्हायचं होतं, म्हणून सासरची माणसं थांबायला कबूल झाली आणि तारीख ठरली ती येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या वैशाखातली. माझी बायको इंदू त्या दिवसापासून एकच गोष्ट बोलायला लागली. शैलाचा मांडव आपल्या दारात पडला पाहिजे. घराला गिलावा नसला तरी चालेल, फरशी नसली तरी चालेल, पण मुहूर्तमेढ रोवायची ती आपल्या मालकीच्या जमिनीत. इंदूला आईवडील नव्हते. तिचं लग्न तिच्या मामाच्या दारात झालं होतं, आणि हळद लावता लावता मामी सगळ्या बायकांदेखत म्हणाली होती, की मांडव आमच्या दारात पडलाय हे विसरू नकोस हो. त्याला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत आम्ही भाड्याच्या पाच घरांत राहिलो, आणि दर वेळी सामान हलवताना इंदू हे वाक्य एकदा तरी काढायचीच.

मी मिस्त्रींना विचारून आलो. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. भराव टाकला की त्याला एक पावसाळा प्यायला द्यायचा, तरच तो बसतो. न बसलेल्या भरावावर जोतं चढवलं तर भिंतीला भेग गेलीच म्हणून समजा. म्हणजे येत्या मृगाच्या आत भराव पडला, तर दसऱ्याला जोतं आणि पुढच्या वैशाखापर्यंत डोक्यावर छप्पर. मृग चुकला की वर्ष चुकलं.

इंदू म्हणाली, "मग घार्गे भावजींना अर्ध्या खर्चाला हो म्हणा ना. आजच म्हणा."

मी तिला धोरण समजावून सांगितलं. घार्गेंना कर्ज मिळत आलंय, ते उन्हाळ्यात काम काढतीलच, आपण घाई दाखवली की ते बसतील आणि सगळा बोजा आपल्यावर येईल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मी मालनवहिनींपाशी शब्द टाकू का? मालनवहिनी म्हणजे घार्गेंची बायको. मी संतापलो. माझा स्वभाव तसा तडतड्याच, पोरं मला माघारी 'फोडणी' म्हणायची. मी बजावलं की त्या घरात मुरमाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. आपली गरज त्यांना कळता कामा नये.

संक्रांतीला ती घार्गेंकडे हळदीकुंकवाला गेली आणि रिकाम्या हातांनी, पण भलत्याच खुशीत परत आली. दर वर्षी मालनवहिनींचं वाण ठरलेलं असायचं, स्टीलची वाटी नाहीतर गाळणी. मी सहज विचारलं, "यंदा वाण नाही दिलं?"

"दिलंय," ती हसत म्हणाली. "मोठं आहे, मागनं पाठवणार आहेत."

मला वाटलं पिंप वगैरे असेल. मी पुढे काही विचारलं नाही.

वैशाख लागला आणि घार्गेंनी काम काढलं. मी सायकलवरून बघून आलो. पंधरा-वीस माणसं कुदळी, पहारी घेऊन बारा नंबरच्या प्लॉटला भिडली होती आणि पिवळट मुरमाचे ढीग पडायला लागले होते. परत येताना मी गाणं गुणगुणत होतो. जिंकलो होतो ना. इंदूला म्हणालो, बघ, माझं धोरण. त्या दिवशी तिनं गोड शिरा केला. शैला म्हणाली, आज काय आहे? इंदू म्हणाली, आज आपल्या घराचा पाया आला.

दुसऱ्या दिवशी शौकत मिस्त्री आले. घार्गे सरांनी विचारलंय, म्हणाले, की मुरूम तुमच्या जागेत ढकलायला सुरुवात करू का?

इथं 'करा' एवढी दोनच अक्षरं मी बोललो असतो, तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो. पण मला वाटलं, आता दोरी आपल्या हातात आहे. ऐंशी ट्रॉल्या मुरूम काढून ठेवलेला माणूस तो डोक्यावर घेऊन थोडाच बसणार आहे? मी मिस्त्रींना म्हणालो, मुरूम टाकायला माझी हरकत नाही, पण नुसता लोटून द्यायचा नाही. अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर पाणी मारायचं, धुमस मारून दाबायचं. मोठे दगड वेचून बाजूला काढायचे. आणि हे सगळं घार्गेंच्या खर्चानं.

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. "सर, दाबायची मजुरी काढायच्या मजुरीएवढी व्हती."

"टाकायला जागा मी देतोय, मिस्त्री. हे त्यांनी विसरू नये."

"बोलतो," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

त्याच संध्याकाळी घार्गे स्वतः आले. सायकल भिंतीला लावून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या आणि पायाला मुरमाची पिवळी धूळ लागली होती. मी त्यांना पुन्हा सगळ्या अटी सांगितल्या, एकेक करून, फळ्यावर लिहिल्यासारख्या. ते बोटांवर मोजत गेले. गणिताच्या माणसाला चढ्या आवाजात वाद घालायची सवय नसते.

इंदू चहा घेऊन आली. कपबशी ठेवताना तिच्या हातून थोडा चहा बशीत सांडला.

"अहो, जरा—" ती म्हणाली.

मी चहाचा घोट घेतला होता. "साखर कमी आहे यात," मी म्हणालो. "घेऊन ये."

ती उभीच राहिली. घार्गेंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे तुम्ही म्हणताय, की तुमच्या घरातनं ठरलंय?"

"आमच्या घरात माझंच ठरतं," मी म्हणालो.

"बरं," घार्गे म्हणाले. त्यांनी चहाला हात लावला नाही. उठले, दारात वाकून चपला घातल्या आणि सायकलवर बसून गेले. मला वाटलं, घासाघीस करायला उद्या परत येतील. मग मी मोठ्या मनानं दगड वेचायची अट सोडून देणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भाड्याच्या घरावरून ट्रॅक्टर गेला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत मुरूम. मग दुसरा गेला. मी दाढी करत होतो, तसाच साबण लावलेल्या तोंडानं दारात आलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी, सोडून दिलेली दगडाची खाण होती आणि तिकडे जायचा रस्ता आमच्या दारावरूनच होता. घार्गे पदरचं भाडं भरून आपला मुरूम दोन मैलांवरच्या खाणीत नेऊन टाकत होते, पण पंधरा पावलांवरच्या माझ्या खड्ड्यात नाही.

चार दिवस ट्रॅक्टर जात होते. इंदू खिडकीत बसून धान्य निवडायची आणि प्रत्येक ट्रॉली गेली की हात थांबवायची. ती रडली नाही आणि भांडलीही नाही. मीच घरात तणतणत होतो. म्हटलं, काय हा आडमुठेपणा, स्वतःचा दुप्पट खर्च करून घेतला, पण मला दिला नाही. म्हटलं, गणिताचा माणूस आणि साधा हिशेब कळत नाही. शैला एकदा म्हणाली, अण्णा, तुम्ही जाऊन बोला ना त्यांच्याशी. मी तिच्यावर खेकसलो. जाऊन काय बोलू, की मला फुकट द्या म्हणून हात पसरू? इंदू निवडलेलं धान्य घेऊन आत गेली.

मृगाला सतरा दिवस उरले होते. मी मुरमाच्या व्यापाऱ्याकडे धावलो. त्यानं माझी घाई डोळ्यांतच वाचली आणि दर वाढवून सांगितला. मी मान डोलावली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आजी म्हणायची. ते धुपाटणं मी त्या दिवशी रोख पैसे मोजून घेतलं.

पहिली ट्रॉली अकरा नंबरच्या प्लॉटवर उलटली तेव्हा मी तिथं उभा होतो. मुरूम घरंगळला, धुळीचा लोट उठला, आणि ढिगावरून गडगडत एक काळा दगड माझ्या पायाशी येऊन पडला. त्यावर लाल ऑइल पेंटनं आकडा होता. बारा. दोनाची शेपटी दगडाच्या कडेपर्यंत गेलेली.

मी ड्रायव्हरला विचारलं, मुरूम कुठला?

"खाणीतला जुन्या. आठवड्यामागं कुणीतरी आयता आणून टाकलाय की तिथं. आमच्या शेटला तर लॉटरीच लागली."

वर बारा नंबरच्या प्लॉटमध्ये घार्गेंची माणसं पाया खणत होती. घार्गे तिथं नव्हते, नशीब माझं. मी तो दगड उचलला, आकडा जमिनीकडे करून प्लॉटच्या वरच्या, भराव कमी लागणाऱ्या कोपऱ्यात पालथा टाकला आणि वर चार फावडी मुरूम ओढला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, इंदूलाही नाही. दोन मैल लांब जाऊन दोन मैल परत आलेला तोच मुरूम मी विकत घेत होतो, आणि ट्रॉल्या मोजून घेत होतो.

तोही पुरा पडला नाही. निम्मा भराव झाला आणि पावसानं गाठलं. ट्रॅक्टरची चाकं त्या उतारावर रुतायला लागली. रस्त्याकडचा निम्मा भाग तसाच राहिला. तो भरायला दिवाळीनंतर मुहूर्त लागला, आणि मिस्त्रींनी हात जोडून सांगितलं की हा ताजा भराव पुढचा पावसाळा प्यायल्याशिवाय मी जोतं चढवणार नाही. भेग गेली तर नाव माझं जातं, सर. वर्ष चुकलं ते चुकलंच. मी गावातलं मंगल कार्यालय ठरवून आलो. इंदूनं कुठलं, किती वाजता, एवढंच विचारलं.

त्या वर्षभरात बारा नंबरमध्ये घार्गेंचं घर उभं राहिलं. शाळेत आम्ही वेळापत्रकापुरतं बोलत होतो. त्यांनी डबा खायला जागा बदलली होती.

वैशाख आला. लग्नाच्या चार दिवस आधी इंदू म्हणाली, "लग्न कार्यालयात होऊ दे. मेढ मी माझ्या जागेत रोवणार." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. सकाळी आठचा मुहूर्त होता. आम्ही अकरा नंबरच्या उघड्याबोडक्या प्लॉटवर गेलो. इंदू, शैला, माझा धाकटा भाऊ, भटजी, आरतीची ताटं घेतलेल्या पाच सुवासिनी. त्यात मालनवहिनी होत्या. त्यांना इंदूनं बोलावलं होतं, मला न विचारता.

भावानं रस्त्याच्या बाजूला खड्डा खणला. मेढीला हळकुंड, सुपारी बांधली होती, वर आंब्याचा डहाळा. आम्ही ती खड्ड्यात उभी केली, मुरूम लोटला, पायानं दाबला. हात सोडला की मेढ कलायची. ताज्या भरावात तिला धरायला काही नव्हतंच. पुन्हा उपसून खोल केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा ती रस्त्याकडे झुकली. भटजी घड्याळ बघायला लागले. ताटातली निरांजनं वाऱ्यानं विझत होती. एक दगड द्या बुडाशी, कुणीतरी म्हणालं. भरावातले दगड मीच वेचून काढायला लावले होते, आणि आमचा अकराचा दगड भरावाखाली गेला होता. त्या सगळ्या प्लॉटवर एकच मोठा दगड होता, कोपऱ्यात, आणि तो आणायला माझे पाय उचलत नव्हते.

घार्गे आपल्या नव्या घराच्या ओट्यावरून बघत होते. ते उतरून आले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मुरमातून वर आलेली दगडाची कड त्यांना दिसली, आणि मी 'राहू दे' म्हणेपर्यंत त्यांनी तो उपसून सरळ केला.

त्यांनी तळहातानं आकड्यावरची धूळ पुसली.

"हा तर आमचा बारा," ते म्हणाले. "हा खाणीत गेला होता."

"हो."

"मग इथं कसा?"

"विकत घेतला," मी म्हणालो. "सगळाच. तुमचाच मुरूम आहे हा."

ते हसले असते तर बरं झालं असतं. मी हसून घेतलं असतं आणि सुटलो असतो. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा, पोराचं गणित पहिल्याच ओळीत चुकलेलं दिसावं, तसा झाला.

"सर," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

उत्तर इंदूनं दिलं. ताट हातात तसंच धरून, आवाज न चढवता.

"संक्रांतीला मी मालनवहिनींकडं वाण मागितलं होतं. म्हटलं, वाटी नको, गाळणी नको, माझ्या लेकीच्या मांडवाखाली घालायला तुमचा मुरूम द्या. त्यांनी कुंकू लावून दिला. भावजींना पुढच्या वर्षी बांधायचं होतं. त्यांनी वर्षभर आधी कर्ज काढलं, व्याज अंगावर घेतलं, ते त्या वाणासाठी. आणि तुम्ही वाणाला अटी घातल्यात."

मालनवहिनी खाली बघत होत्या. घार्गे म्हणाले, "मी त्या संध्याकाळी विचारलं होतं, घरातनं ठरलंय का. तुम्ही म्हणालात, तुमच्या घरात तुमचंच ठरतं, आणि वहिनीही समोरच होत्या. मला वाटलं, दोघांनी मिळून ठरवलंय. वाण घ्यायचं आणि वर दाबायची मजुरीही घ्यायची. ते मला लागलं."

मी इंदूला म्हणालो, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"तोंड उघडलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही साखर आणायला पाठवलंत."

"आणि नंतर? वर्ष गेलं मधे."

"नंतर सांगितलं असतं, तर त्यांच्या दारात जाऊन चुकलो म्हणाला असता?"

पाच बायका, भटजी, माझा भाऊ आणि हळदीची वाटी धरलेली शैला, सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. उत्तर 'नाही' असंच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. घार्गे खाली बसले. त्यांनी दगड मेढीच्या बुडाशी आडवा सारला, आकडा बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि मला म्हणाले, "तुम्ही मेढ धरा." मी धरली. त्यांनी पहारीनं भोवतालचा मुरूम ठोकून ठोकून बसवला, थर देऊन, वर तांब्यातलं पाणी मारून, मी सांगितलं होतं अगदी तसा. मग म्हणाले, "सोडा." मी हात काढला. मेढ सरळ उभी राहिली. इंदूनं तिला हळदकुंकू वाहिलं, मग मालनवहिनींना लावलं, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. त्या इंदूपेक्षा चार वर्षांनी लहान होत्या. "असं काय करताय वहिनी," असं म्हणत त्यांनी तिला उठवलं आणि दोघी एकमेकींना धरून तिथंच रडल्या.

मी मेढीपाशी नुसता उभा होतो. माझ्या विजारीला पिवळी धूळ लागली होती.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. घर त्यानंतरच्या वर्षी झालं, आणि शौकत मिस्त्रींच्या कृपेनं एकाही भिंतीला भेग नाही. मधल्या कुंपणाची भिंत घातली तेव्हा मिस्त्रींनी पुन्हा नळी काढली. एक टोक मी धरलं, एक घार्गेंनी. आता स्टूल लागलं नाही. पाणी दोन्हीकडे एकाच रेघेवर थांबलं, आणि भिंतीचा खर्च आम्ही अर्धा-अर्धा केला. त्यांनी विचारायच्या आधी मीच तसं बोललो होतो. बाराचा दगड अजून आमच्याच फाटकापाशी आहे. घार्गेंनी तो परत मागितला नाही. त्यांची पत्रं आमच्याकडे पडतात आणि मी ती नेऊन देतो. ते चहा देतात, मी साखरेबद्दल काही बोलत नाही.

इंदू दर संक्रांतीला मालनवहिनींकडे हळदीकुंकवाला जाते. परत येते तेव्हा पदराखाली काहीतरी असतं. पण त्या वर्षानंतर वाण काय मिळालं, हे तिनं मला कधीही सांगितलेलं नाही.